हॉटेलला दोन दारं असतात

मराठीत कुणी 'चल, हॉटेलात जाऊ' म्हणालं, तर त्याच्या मनात अंथरूण-पांघरूण नसतं. फार तर एक मिसळ, जादा पाव आणि दोघांत एक चहा असतो. मुक्कामाची जागा ती लॉज, आणि त्याच्याही आधी धर्मशाळा. गावात ओळखीपाळखीचं घर असताना पैसे मोजून परक्या खाटेवर झोपणं ही आपल्याकडे बराच काळ नाइलाजाची गोष्ट होती. म्हणूनच असेल, मराठी सिनेमाने चाळ रंगवली, वाडा रंगवला; मुक्कामाच्या हॉटेलाकडे तो फारसा वळला नाही. परदेशी पडद्यावर मात्र पाहावं तिथं हॉटेल. आता ओटीटीमुळे ती हॉटेलं आपल्या बैठकीच्या खोलीत आली आहेत, आणि मालिका संपली रे संपली की प्रेक्षक मोबाइल उघडून पहिली चौकशी करतो ती हीच : हे हॉटेल खरंच आहे का, कुठं आहे, आणि एका रात्रीचे किती घेतात? चौकशी साहजिक आहे. तिचं उत्तर बऱ्याचदा 'असं हॉटेल कुठंच नाही' असं निघतं, आणि ते ऐकून फसवलं गेल्यासारखं वाटून घ्यायचं काही कारण नाही. पडद्यावरचं हॉटेल किती खरं, हे चित्रीकरण कुठल्या इमारतीत झालं यावरून ठरवणं म्हणजे जेवणाची चव ताटाच्या नक्षीवरून ठरवण्यासारखं आहे. बघायला हवं ते एवढंच, की कॅमेऱ्याने त्या हॉटेलाचं कुठलं दार उघडलं.

सगळ्यांत गाजलेलं उदाहरण घेऊ. स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' १९८० साली आला. त्यातलं ओव्हरलुक हॉटेल भयपटांच्या चाहत्यांना स्वतःच्या आजोळाइतकं पाठ आहे. ते किती ठिकाणांहून गोळा केलंय पाहा. मूळ बीज कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क गावच्या स्टॅन्ली हॉटेलचं. वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारे एफ. ओ. स्टॅन्ली क्षयावर उतारा म्हणून डोंगरातल्या हवेला आले, बरे झाले आणि १९०९मध्ये त्यांनी हे हॉटेल सुरू केलं. १९७४च्या ऑक्टोबरअखेरीस स्टीफन किंग तिथे बायकोसह एक रात्र राहिले. हंगाम संपला होता, हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात होतं, पाहुणे म्हणून हे दोघंच, आणि जेवणाच्या दालनात बाकीच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. खोलीचा नंबर २१७. यातून १९७७ची कादंबरी आली. कुब्रिकने मात्र या हॉटेलात चित्रीकरण केलंच नाही. बाहेरून दिसते ती ओरेगन राज्यातल्या माउंट हूडच्या अंगावरची टिंबरलाइन लॉज. महामंदीत बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून ती बांधली गेली आणि १९३७मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. आतली दालनं लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओतले सेट, आणि त्या सेटचा नमुना कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यातल्या अवानी हॉटेलचा. म्हणजे मन एकाचं, चेहरा दुसऱ्याचा, आतडी तिसऱ्याची. शिवाय सुरुवातीला मॅनेजर ज्या कचेरीत नायकाची मुलाखत घेतो, तिच्या खिडकीतून लख्ख उजेड येतो; पण त्याआधी आपण ज्या वाटेने तिथे पोचलो ती लक्षात ठेवली, तर ही कचेरी इमारतीच्या पोटात आहे आणि तिला बाहेर उघडणारी खिडकी असूच शकत नाही.

याच्या पुढचा भाग अधिक मजेचा. टिंबरलाइनच्या व्यवस्थापनाला धास्ती वाटली की सिनेमा पाहून २१७ नंबरच्या खोलीत कुणी राहणार नाही. त्यांच्या विनंतीवरून कादंबरीतल्या खोलीचा हा नंबर सिनेमात २३७ केला, कारण त्या नंबरची खोली तिथे नव्हतीच. आज टिंबरलाइनमध्ये सगळ्यांत जास्त मागणी आहे ती २१७ला. तिकडे कोलोरॅडोच्या मूळ स्टॅन्ली हॉटेलात पर्यटक येऊन सिनेमातला झुडपांचा चक्रव्यूह कुठे आहे असं विचारायचे. चक्रव्यूह किंगच्या कादंबरीत नाही, स्टॅन्ली हॉटेलातही नव्हता. तो कुब्रिकच्या डोक्यातला. अखेर २०१५मध्ये हॉटेलाने अंगणात खरीखुरी झुडपं लावून तो तयार केला. आधी हॉटेलावरून गोष्ट, गोष्टीवरून सिनेमा, आणि शेवटी सिनेमावरून हॉटेल. याला कुणी ढोंग म्हणेल. हॉटेलच्या धंद्याचा स्वभावच असा आहे, असं माझं म्हणणं.

स्वभाव म्हणजे काय, ते एका समाजशास्त्रज्ञाने चांगलं टिपून ठेवलंय. अर्व्हिंग गॉफमन हा कॅनडात जन्मलेला अभ्यासक. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवर एका लहानशा हॉटेलात त्याने बारकाईने निरीक्षण केलं, आणि माणसं चारचौघांत स्वतःला कशी 'सादर' करतात यावर १९५६मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात त्याने दोन जागा वेगळ्या काढल्या : प्रयोग चालतो ती दर्शनी जागा आणि प्रयोगाची तयारी होते ती विंगेतली. त्याचा लाडका दाखला म्हणजे त्या हॉटेलाच्या भटारखान्याचं दार. वाढणाऱ्या मुलींना ते उघडं हवं असायचं. हातात ट्रे घेऊन जा-ये सोपी होते, पाहुण्यांचं जेवण कुठवर आलं ते दिसतं, आणि थोडी गंमतही बघायला मिळते. मालकांना ते बंद हवं, कारण आत ते ज्या थाटात वावरत तो पाहुण्यांना दिसला असता तर बाहेरची ऐट उतरली असती. रोज कुणीतरी ते दार रागाने आपटून बंद करायचं आणि दुसरं कुणीतरी तितक्याच रागाने ढकलून उघडायचं. जॉर्ज ऑरवेलने त्याच्या आधी, १९३३च्या आपल्या पुस्तकात, पॅरिसच्या एका बड्या हॉटेलात भांडी घासतानाचे अनुभव लिहिले. त्यातला वेटर भटारखान्यात शिवीगाळ करत असतो, दारातून पलीकडे पाऊल टाकलं की त्याची मान, खांदे, चाल सगळं बदलतं आणि तो गालिच्यावरून पुजाऱ्यासारखा तरंगत जातो. दार एकच, अलीकडे आणि पलीकडे माणूसही एकच.

तेव्हा हॉटेल हा मुळातच एक प्रयोग आहे. दरबानाचा फेटा, रिसेप्शनवरचं हसू, उशीवर ठेवलेलं चॉकलेट हे सगळं नेपथ्य आणि वेशभूषा. पाहुणाही त्यात पात्र असतो. घरी स्वतःचं ताट उचलणारा माणूस इथे बोट वर करून बोलावतो. अशा जागेचं सिनेमाने तुकडे जोडून नेपथ्य केलं, तर त्यात खोटं काय केलं? नाटकाचं नाटकच केलं. सिनेमाचा खोटेपणा दुसरीकडे असतो. तो नुसता समोरच्या दाराने शिरतो, झुंबर बघतो, जिना बघतो आणि बाहेर पडतो, तेव्हा तो हॉटेलाची जाहिरात असतो, मग चित्रीकरण शंभर टक्के खऱ्या जागी झालेलं का असेना.

ही कसोटी लावली की जुने-नवे सिनेमे वेगळे दिसायला लागतात. १९३२चा 'ग्रँड हॉटेल' हा या घराण्याचा मूळपुरुष. विकी बाऊम या लेखिकेच्या १९२९च्या जर्मन कादंबरीवरून तो झाला. गोष्ट बर्लिनची, चित्रीकरण हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, आणि दुसऱ्या कुठल्याही विभागात साधं नामांकनही नसताना हे बक्षीस मिळवणारा तो आजवरचा एकटाच. लोकांच्या लक्षात राहिली ती ग्रेटा गार्बो आणि तो गोल, चकचकीत लॉबीचा सेट. पण सिनेमा सुरू होतो तो टेलिफोनच्या स्विचबोर्डवर एका ओळीत बसलेल्या बायकांपासून. आणि पाहुण्यांची प्रेमं, चोऱ्या, मरणं चालू असताना हॉटेलचा एक पोर्टर जीव मुठीत धरून ड्यूटी करत असतो, कारण त्याची बायको दवाखान्यात अडली आहे आणि त्याला जागा सोडता येत नाही. त्याचं काय चाललंय याचा पाहुण्यांना पत्ता नाही. माझ्या मते या सिनेमाचं खरं बळ त्या पोर्टरमध्ये आहे.

'द शायनिंग'ही याच बाजूने पाहा. त्याचा नायक पाहुणा नाही. हिवाळाभर बंद हॉटेलची राखण करायला ठेवलेला नोकर आहे. हॉटेलचा आचारी त्याच्या बायको-मुलाला कोठीची खोली आणि मांस साठवायची शीतखोली दाखवतो. पुढे बायको त्याला कोंडते तेही त्याच कोठीत. पाहुणे गेले, प्रयोग थांबला, उरली ती विंग. आणि भुतं म्हणून जी माणसं भेटतात त्यांत दारू ओतणारा बारमन आहे, ट्रे घेऊन फिरणारा वेटर आहे. रिकाम्या हॉटेलची भीती कशाची असते, हे कुब्रिकला नेमकं कळलं होतं. हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) तर मोटेलचा मालक, मॅनेजर, रिसेप्शनिस्ट आणि न्हाणीघर धुणारा एकच माणूस. दोन्ही दारांचा पहारा एकट्यानेच करायचा म्हटल्यावर काय होतं, ते तिथे दिसतं.

हसवण्यात या दाराचा उपयोग सगळ्यांत चांगला केला तो बीबीसीच्या 'फॉल्टी टॉवर्स'ने. १९७५ आणि १९७९ मिळून अवघे बारा भाग. १९७०मध्ये माँटी पायथन या विनोदी चमूची मंडळी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात एका हॉटेलात उतरली होती. तिथल्या मालकाच्या पाहुण्यांशी वागण्याच्या तऱ्हा बघून त्यांच्यातल्या जॉन क्लीझला मालिकेतला हॉटेलमालक बॅझिल फॉल्टी सुचला. एका भागात बॅझिल निवडक मोठ्या लोकांसाठी खास मेजवानी ठेवतो. इकडे दालनात सूट-बूट घातलेले पाहुणे मेन्यू वाचताहेत, तिकडे आचारी दारू पिऊन भटारखान्यात आडवा. बॅझिल दार ढकलून आत जातो तो किंचाळायला, बाहेर येतो तो कमरेत वाकून. अर्ध्या तासातला बहुतेक हशा त्या एका झुलत्या दारावर आहे. गॉफमन शेटलंडला जे वहीत उतरवत होता, तेच इथे लोक पोट धरून बघत होते. मालिकेत बाहेरून दिसणारी इमारत टॉर्कीतली नव्हतीच. ती बकिंगहॅमशरमधली, आणि १९९१च्या आगीत गेली. टॉर्कीचं मूळ हॉटेल २०१६मध्ये पाडलं. त्या जागी वृद्धांसाठी सदनिका झाल्या आणि त्या इमारतीला नाव दिलं सॅक्स लॉज : मालिकेत मार खाणारा स्पॅनिश वेटर मॅन्युएल उभा करणाऱ्या अँड्र्यू सॅक्सचं. मालकाचं नाही, वेटरचं.

आपल्याकडे हे काम बंगालीत झालं. शंकर या नावाने लिहिणाऱ्या मणिशंकर मुखर्जींची 'चौरंगी' ही १९६२ची कादंबरी कोलकात्यातल्या शाहजहान नावाच्या काल्पनिक हॉटेलात घडते आणि सांगणारा तिथला नवा नोकर आहे. १९६८च्या सिनेमात उत्तमकुमारने रंगवलेला साटा बोस हा रिसेप्शनवरचा माणूस. शहरातल्या बड्यांची गुपितं त्याला रजिस्टरवरून कळतात आणि ती गिळून हसत राहणं हीच त्याची नोकरी. हिंदीत हॉटेल म्हणजे बरीच वर्षं कॅबरेचा फ्लोअर आणि तस्करांची बैठक एवढंच राहिलं. २०१८चा 'ऑक्टोबर' हा सुखद अपवाद. त्यातला नायक चादरी बदलणारा, कपडे धुण्याच्या विभागात शिक्षा म्हणून धाडला जाणारा उमेदवार आहे.

आता आक्षेप. कुणी म्हणेल, सगळेच सिनेमे काही तुकडे जोडून होत नाहीत. व्हिस्कॉन्तीने 'डेथ इन व्हेनिस' त्याच हॉटेलात केला जिथे लेखक टोमास मान १९११मध्ये राहिला होता. 'लॉस्ट इन ट्रान्स्लेशन'मधलं टोकियोचं हॉटेल आजही नावानिशी आहे. 'द व्हाइट लोटस'ची तर प्रत्येक जागा आरक्षण करून राहता येते अशी. खरं आहे. पण 'व्हाइट लोटस' या मालिकेचा दुसरा सीझन पाहा. हॉटेल सिसिलीतल्या ताओर्मिनाचं, चौदाव्या शतकातल्या मठाचं केलेलं. पाहुणे पायऱ्या उतरून ज्या पुळणीवर जातात ती मात्र बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या चेफालूची. खऱ्या हॉटेललाही सिनेमाने शेजारून समुद्र आणून जोडलाच. आणि ही मालिका लक्षात राहते ती समुद्रामुळे नव्हे. पहिल्या सीझनच्या पहिल्याच भागात मॅनेजर नव्या मुलीला शिकवतो, की पाहुण्यांसमोर आपण कुणीतरी विशेष माणूस आहोत असं दिसताच कामा नये, धूसर राहायचं. ती मुलगी पूर्ण दिवसांची गरोदर आहे, आणि दिवसभर कळा लपवून अखेर मॅनेजरच्याच कचेरीत बाळंत होते. 'ग्रँड हॉटेल'च्या पोर्टरनंतर जवळपास नव्वद वर्षांनी तीच गोष्ट, आता बाईच्या बाजूने.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नाटकाचं नाटक ठीक. पण जिथे खरी माणसं मेली त्या हॉटेलचं काय? इथे मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. 'हॉटेल रवांडा' (२००४) हा किगालीच्या मिल कोलिन हॉटेलचा सिनेमा. १९९४च्या नरसंहारात बाराशेहून अधिक लोक तिथे आसऱ्याला होते आणि पोहण्याच्या तलावातलं पाणी पिऊन राहिले. चित्रीकरण बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत झालं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती सिनेमाने सगळं श्रेय मॅनेजरला दिलं याची, आणि ती त्या हॉटेलात जीव वाचलेल्यांपैकीच काहींनी केली आहे. म्हणजे इमारत बदलली तर चालतं. कुणी काय केलं ते बदललं तर दुखतं. 'हॉटेल मुंबई' हा २६/११वरचा सिनेमा मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला झाला, आणि देव पटेलने केलेला वेटर हा अनेकांवरून बेतलेला काल्पनिक माणूस. तरी त्या सिनेमाने नजर योग्य जागी ठेवली. ताजमधले कितीतरी पाहुणे वाचले ते कामगारांना सेवकांच्या वाटा, मागचे जिने, स्वयंपाकघरं पाठ होती म्हणून. आणि पाहुण्यांना बाहेर काढताना स्वयंपाकघरातले आचारी मारले गेले. त्या रात्री दर्शनी दार निकामी ठरलं होतं.

ताजचाच विषय निघालाय तर त्याच्याभोवतीच्या दंतकथाही बघून घेऊ, कारण ऐतिहासिक हॉटेलं सिनेमाइतकीच गोष्टींवर जगतात. ताज उलटं बांधलं गेलं, समोरची बाजू मागे गेली, ते पाहून इंग्रज वास्तुविशारदाने जीव दिला, असं टॅक्सीवाले सांगतात. प्रत्यक्षात १९०३मध्ये हॉटेल उघडलं तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हताच, तो १९२४चा. घोडागाड्या शहराकडून यायच्या, म्हणून दार शहराच्या बाजूला ठेवलं आणि समुद्राची हवा खोल्यांना दिली. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने ते तडीस नेलं. मराठी वास्तुविशारदाचं नाव मागे पडावं आणि न घडलेली आत्महत्या तोंडी राहावी, यालाही गोष्टीचीच ओढ कारणीभूत. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलने दारातून परत पाठवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही कथाही तशीच. तिला भक्कम पुरावा नाही.

या वॉटसनपाशीच थांबू. काळा घोड्याला आज जी इमारत एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते, ती म्हणजेच हे हॉटेल. १८६०च्या दशकाअखेरीस बांधलेलं, युरोपियनांसाठीचं. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणून इथे जोडलेला. (म्हणजे ही इमारतसुद्धा तुकडे जोडूनच झालेली.) १८९६च्या जानेवारीत मार्क ट्वेन तिथे उतरला होता. त्याने पुढच्या वर्षी पुस्तकात लिहिलं, की खोलीचं दार नीट करायला गुडघ्यावर बसलेल्या एका देशी नोकराच्या जबड्यावर एका आडदांड जर्मन माणसाने फटका लगावला. नोकर काही बोलला नाही, आणि ट्वेनला लहानपणी पाहिलेली अमेरिकेतली गुलामगिरी आठवली. त्याच वर्षी ७ जुलैला, त्याच हॉटेलात, ल्युमिएर बंधूंच्या माणसाने भारतात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया.

सिनेमामुळे जुन्या वास्तू जगतात, असा युक्तिवाद नेहमी होतो. ज्यांचा प्रयोग अजून चालू आहे त्यांच्यापुरता तो बरोबर आहे. तिथे खोली विकता येते, चक्रव्यूह लावता येतो. वॉटसनचा प्रयोग कधीच संपला. खोल्यांचे गाळे पडले, त्यांत वकिलांची ऑफिसं आली. २००५मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला आणि जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत तिचं नाव लागलं. २०१९मध्ये ती रिकामी केली गेली. पाडावी की दुरुस्त करावी यावर तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांविरुद्ध उभे राहिले. भारतात सिनेमा ज्या हॉटेलच्या दाराने आला, त्याची ही गत. त्या संध्याकाळी तिथे सहा छोट्या फिती दाखवल्या होत्या. एकीत आगगाडी स्टेशनात येते, एकीत कामगार कारखान्यातून बाहेर पडतात. आणि एक फीत होती भिंत पाडण्याची.